उभ्या गाडीला आलेला घाम

पुतण्याने मागच्या महिन्यात एक जुनी मिनीबस घेतली. मागची बाकडी काढून त्याने तिच्यात पलंग बसवला, छोटा ओटा केला, पाण्याची टाकी लावली, छताला पंखा टांगला. सुट्टी मिळाली की बायको-मुलांना घेऊन हिंडायचं, हॉटेलची भानगड नको, असा त्याचा बेत. गाडी दाखवायला तो सुरतेत भेस्तानला माझ्या घरी आला. सुरतेतच जन्मला, वाढला, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं गुजरातीत असतं. म्हणाला, "काका, बे-चार टिप्स आपो ने. पप्पा म्हणाले, गाडी उभी असताना कशी सांभाळायची ते काकांना विचार."

पप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने हे हसत म्हटलं की सरळ, ते पुतण्याला विचारायचा मला धीर झाला नाही. मी गाडीभोवती फिरलो, चाकांवर हात फिरवला आणि चार गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टी मला कशा कळल्या, ते मात्र सांगितलं नाही. ते इथे लिहितो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना उपयोग होईल. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आम्ही धुळ्याकडचे, साक्रीच्या पुढचे. भाऊ आधी सुरतेला आला. उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला, मग शेठने त्याला टेंपो दिला. लूमवरचे ताके भरून मार्केटला पोचवायचे, हे त्याचं काम. मी त्याच्यामागून आलो आणि फोल्डिंग खात्यात लागलो. कापड घडी घालून ताका बांधायचा आणि पॉलिथिनमध्ये असा गुंडाळायचा की आत हवासुद्धा जाऊ नये. डाग पडला की ताका परत येतो आणि बोलणी आम्हाला बसतात. म्हणून माझा हात गुंडाळण्यावर पक्का बसलेला. भाऊ, वहिनी आणि माय नवागामला राहायचे, मी भेस्तानला.

चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा आम्ही सगळे मिळेल त्या गाडीने गावी पळालो. गावाने आम्हाला वेशीबाहेरच्या खळ्यात उतरवलं. भाकरी लांबून ठेवत, पाणी वरून ओतत. त्याबद्दल माझा राग नाही. माणसं घाबरलेली होती, त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं. पण साथ सरली, आम्ही कामावर परतलो, पुढचा श्रावण आला आणि कानबाईला आम्ही गावी गेलो, तेव्हा जे झालं त्याला भीतीचं कारण नव्हतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, ते एकत्र दळतात आणि त्याचा रोट होतो. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याच्या हातात त्याचा तुकडाही द्यायचा नाही. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला नदीवर जाते. ज्याची मूठ त्या पिठात पडली, तो घरचा. माय त्या भाऊबंदकीतली सर्वांत थोरली सून. तिच्या हयातीत पहिलं ताट तिच्याशिवाय वाढलं गेलं नव्हतं.

त्या वर्षी ती पंगतीकडे निघाली तेव्हा चुलतभावाने तिला ओट्याच्या कडेला पाट टाकून दिला आणि म्हणाला, "काकू, तठेच बसा. सुरतना वारा गावमा नको." तो गमतीने म्हणाला असेल. लोक हसले. चुलतभावजयीने पत्रावळ दोन बोटांनी पुढे सरकवली. माय मान खाली घालून जेवली आणि हात धुवून उठली. भाऊ आणि मी पंगतीत बसलो होतो. आम्ही पानावरून उठलो नाही.

त्याच हिवाळ्यात नवागामच्या मोरीत माय घसरली आणि तिचा खुबा गेला. भिंतीला टेकवून घटकाभर बसवता यायचं, पण एसटीच्या बाकावर हादरे खात धुळ्याकडे जाणं शक्य नव्हतं. रेल्वेतली गर्दी तर विचारायलाच नको. आडवं झोपूनच जाता आलं असतं. आणि तिला जायचंच होतं. देवीचं दर्शन, गावाची ओढ, असलं काही ती बोलत नसे. एवढंच म्हणायची, "माले पंगतमा बसानं शे. इतलंच."

शेठचा एक बंद बॉडीचा टेंपो कामातून काढला होता. भाऊने तो मागून घेतला. आम्ही दोघांनी मिळून त्याचं घर केलं. लोखंडी पलंगाचे पाय कापून तो आत बसवला आणि लूमच्या चामडी पट्ट्यांनी जमिनीला आवळला. खिडक्या कापून जाळ्या ठोकल्या, पडदे लूमवरच्या कोऱ्या, ग्रे कापडाचे. पाण्याचा पिंप, पंपाचा स्टोव्ह, भांड्यांना खाचा पाडलेली फळी, मायसाठी खालून भोक पाडलेली खुर्ची. भाऊ म्हणाला, आता त्यांचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आपलं घर घेऊन जायचं, मायला पंगतीला बसवायचं, रोट खाऊन आपल्या घरात येऊन झोपायचं.

चैत्रात आम्ही मायला घेऊन सापुताऱ्यापर्यंत जाऊन आलो. पाहायचं होतं की तिला सोसतं का. सोसलं. त्या फेरीत आम्ही खूप शिकलो, आणि पुतण्याला जे पटकन सांगता आलं ते सगळं त्या फेरीतलं. पाण्याचा पिंप गच्च भरावा नाहीतर रिकामा ठेवावा. अर्धा पिंप वळणावर असा हेलकावतो की गाडी ओढली जाते. जड सामान चाकांच्या वर आणि जमिनीलगत असावं. आमचे डबे छतावर होते आणि पहिल्याच घाटात गाडी झोकांड्या देऊ लागली, मग ते सगळं खाली आणलं. स्टोव्ह चालत्या गाडीत पेटवू नये, आणि थांबल्यावर पेटवला तर दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या हव्यात. आजारी माणसाचं डोकं पुढच्या बाजूला ठेवावं की मागच्या, यावर वहिनीचा आणि भावाचा वाद झाला. शेवटी मायनेच सांगितलं की पाय पुढे असले की ब्रेक लागताना खुबा दुखतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवावी, ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. हे भावाला माहीतच होतं. परत येताना माय झोपल्या झोपल्या जाळीतून बाहेर बघत होती आणि मध्येच हसली. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असेल.

गाडी नवागामला ठेवायला जागा नव्हती. भेस्तानला माझ्या खोलीमागे मोकळा प्लॉट होता, तिथे ती आली आणि माझ्या ताब्यात आली. श्रावणाला अजून अवकाश होता.

आता चूक सांगतो. आम्हाला यंत्रं माहीत होती, पण चालू यंत्रं. सुरतेत लूम दिवसरात्र चालतो, टेंपो रात्री थंड व्हायच्या आत सकाळ होते. उभं राहिलेलं यंत्र कसं आजारी पडतं, हे त्या शहरात आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गाडीला काय होणार? धूळ बसेल, पोरं काचा फोडतील, पावसाने पडदे भिजतील. म्हणून मी जे मला येत होतं ते केलं. खात्यातून टाकाऊ पॉलिथिन आणलं, तुकडे एकमेकांना चिकटवले आणि चाकांपासून टपापर्यंत अख्खी गाडी गुंडाळली. खालून दोरीने आवळली. एवढा मोठा ताका मी आयुष्यात बांधला नव्हता. डिझेल कुणी काढून नेईल म्हणून टाकी अर्धीच ठेवली. प्लॉटला उतार होता म्हणून हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला. पिंपातलं पाणी तसंच राहिलं.

भाऊ एकदा बघायला आला. गाडीभोवती फेरी मारून खूश झाला. "ताका बांधी टाका रे तू," ताकाच बांधलास की, असं म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी लिहीत नाही. गाडी माझ्याकडे होती. खोलीच्या मागच्या खिडकीतून ती रोज दिसायची. आठवड्यातून एकदा प्लास्टिक सोडून किल्ली फिरवून बघावी, असं मला वाटलंही, पण एकदा बांधलेला ताका आम्ही सोडत नाही. शिवाय पाळीवरून आल्यावर कंटाळा यायचा. कंटाळ्याला दुसरं चांगलं नाव मला सापडलेलं नाही.

आषाढात गावाकडचा एक जण उधन्याला कामावर परत आला. त्याच्याबरोबर चुलतभावाने निरोप पाठवला होता. तुमच्या सगळ्यांची मूठ टाकतोय, काकूंना या वर्षी पहिल्या ताटावर बसवतो, मागचं मनात ठेवू नका. मायने तो निरोप त्याच्याकडून दोनदा ऐकून घेतला. मग वहिनीला सांगून हिरवं लुगडं धुवून घडी करून ठेवलं.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भावाला सुट्टी मिळाली. आम्ही दोघांनी मिळून प्लास्टिक सोडलं. आतून पाण्याचे ओघळ वाहत होते. पावसाचं पाणी आत गेलं नव्हतं, कुठेही फाटलं नव्हतं. गाडीलाच घाम आला होता, महिनोन् महिने, आणि तो बाहेर जायला मी जागा ठेवली नव्हती. पत्र्यावर गंजाचे डाग, पडद्यांवर काळी बुरशी. गादीत उंदरांनी घर केलं होतं आणि दिव्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या. प्लास्टिकच्या आत त्यांना ना मांजराची भीती, ना माणसाची. पिंपातलं पाणी हिरवं झालं होतं. बॅटरी मेलेली. हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं हलेनात, कारण इतके दिवस आवळून ठेवल्याने ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला चिकटले होते. ढकलून, हातोडी मारून ती सुटली तेव्हा लोखंड फाटल्यासारखा आवाज आला.

भाऊ रागावला नाही. दुसरी बॅटरी आणली, वायरी जोडल्या, शेजाऱ्याकडून गादी मागितली. टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसत होत्या. त्याने अंगठा दाबून बघितलं आणि म्हणाला, जातील. संध्याकाळी गाडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, वाचलो.

रविवारी पहाटे निघालो. बारडोली, व्यारा, सोनगढपर्यंत ठीक होतं. माय जाळीतून बघत होती, लुगडं उशाला. सोनगढच्या पुढे गाडी धापा टाकायला लागली. थोडी चालायची, थांबायची. भावाने फिल्टर खोलून त्यातलं डिझेल एका वाटीत ओतलं. वर डिझेल तरंगत होतं आणि खाली तांबूस पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा धरतो आणि टाकी आतून गंजते. उभी ठेवायची गाडी टाकी भरून ठेवावी, हे मला त्या वाटीत बघताना समजलं. दर थोड्या वेळाने उतरून फिल्टर साफ करत आम्ही नवापूर गाठलं तेव्हा दुपार टळली होती.  गाडी थांबली की माय मान उचलायची.

नवापूरच्या पुढे मागच्या चाकातून जळका वास येऊ लागला. विसरवाडीच्या अलीकडे भावाने ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. त्याने गिअरवर गाडी आवरली, रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून चाकाखाली दगड लावला. ब्रेकचं तेल चाकातून गळत होतं. आतला सिलिंडर गंजून त्याचं रबर फाटलं होतं. पुढे कोंडाईबारीचा घाट. भाऊने घाटाच्या बाजूला बघितलं. मग म्हणाला, मायला घेऊन मी हा घाट चढणार नाही.

तो बरोबर होता. तेच मला सगळ्यात जास्त लागतं, की तो एकदाही चुकला नाही.

आम्ही एक जीप थांबवली. जीपवाला भला होता, पुढची सीट रिकामी करायला तयार झाला. तिघांनी मायला उचलून बसवलं. तिने दात ओठ आवळले. जीप जरा हलली तसा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजही काढून दाखवू शकत नाही. तिला परत पलंगावर आणलं. वहिनी म्हणाली, तुम्ही दोघं तरी जा, तुमच्या मुठी आहेत. कुणी गेलं नाही. भाऊ एका ट्रकने नवापूरला गेला, पण रविवार, पार्टची दुकानं बंद. तो तिथेच दुकानाच्या पायरीवर थांबला.

आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला राहिलो. जे घर आम्ही गावाच्या नाकावर टिच्चून न्यायचं ठरवलं होतं, ते आता खरंच घर झालं. वहिनीने स्टोव्ह पेटवून खिचडी केली, मायला खुर्चीवर बसवलं, तिचे पाय चेपले. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, मी गाडीला एवढं जपलं, धूळसुद्धा बसू दिली नाही. वहिनीने पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"भाऊजी, गाडीच्या जागी कापड असतं तर चाललं असतं."

माय ऐकत होती. तिने माझी बाजू घेतली नाही, वहिनीला गप्पही केलं नाही.

सोमवारी उन्हं वर आल्यावर भाऊ रबरं घेऊन आला. दोघांनी मिळून चाक खोललं, बसवलं. ब्रेक लागू लागला. भाऊ हात पुसत म्हणाला, माय, आता दुपारपर्यंत पोचू. मायने तोवर आकाशाकडे बघून वेळ ओळखली होती.

"आते जाईसन काय करसूत?" ती म्हणाली. "कानबाई गयी."

भाऊ म्हणाला, रोट असेल अजून, भेट तरी होईल. तिने मान हलवली. देव नदीवर गेल्यावर पोचायचं म्हणजे पाहुणे म्हणून जायचं, आणि पाहुणी होऊन त्या ओट्यावर ती एकदा बसली होती. गाडी फिरवायला तिने सांगितलं. तिचं लुगडं घडीतच राहिलं.

रोट कुणाच्या हाती पाठवता येत नाही. आमच्या मुठींचा जो वाटा होता तो गायीला घातला, असं नंतर त्याच गावाकडच्या माणसाने सांगितलं. चुलतभावाने पहिलं ताट बराच वेळ रिकामं ठेवलं होतं म्हणे. हेही त्याने सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी शहाणा झालो. गाडीवर कापडाचं पाल टाकलं, चारी बाजूंनी वारा फिरेल असं, प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावला नाही. टाकी काठोकाठ. पिंप रिकामा करून उघडा उन्हात. बॅटरीची वायर काढून ठेवलेली. दर रविवारी पाल काढायचं, बॅटरी जोडायची, गाडी सुरू करायची, भेस्तानपासून उधन्यापर्यंत नेऊन आणायची म्हणजे ब्रेक लागतात, सुटतात, टायर एकाच बाजूवर दबून बसत नाहीत. कुरतडलेल्या जागा पत्रा ठोकून बुजवल्या. रविवारची फेरी मी एकदाही चुकवली नाही. खात्यातले लोक चेष्टा करायचे की याने गाडीशी लग्न लावलंय.

त्या हिवाळ्यात मायला अंथरुणावरून उठवणंही बंद झालं. तरी मी दर रविवारी गाडी फिरवत राहिलो. एका रविवारी वाटलं, तिला आवाज तरी ऐकू दे. म्हणून गाडी उधन्याहून पुढे नवागामला नेली आणि त्यांच्या खोलीच्या तोंडाशी उभी केली. इंजिन इतकं गुळगुळीत चालत होतं की आत शेगडीवरचं पाणी उकळताना ऐकू येत होतं. मी आत गेलो, तिच्या उशाशी बसलो, सांगितलं की गाडी आता एकदम तयार आहे, येत्या श्रावणात पहाटे निघून दुपारच्या आत पोचू.

तिने डोळे उघडले.

"आते कसाले चालू करस?"

ती चिडून म्हणाली नाही. खरंच विचारत होती. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. श्रावण यायच्या आधी ती गेली. लुगडं तेच नेसवलं.

तिने ते विचारलं त्या दिवशी मी बाहेर येऊन इंजिन बंद केलं. गल्लीला जरा उतार होता. चाकाखाली वीट लावली, गिअर टाकला आणि हँडब्रेक ओढला नाही. पुतण्यालाही हेच सांगितलं. तो मोबाइलमध्ये टिपून घेत होता.